सांगितलं काहीच नाही

१२ जानेवारी, सोमवार

आज मॅडमनी खोलीचं दार लावलं, मग खिडकी लावली आणि मला बसायला सांगितलं. वाटलं, प्रबंधाचं दुसरं प्रकरण पुन्हा परत येणार. तसं नव्हतं. मध्यवर्ती बँकेच्या सल्लागार मंडळावर विद्यापीठातून मॅडमना घेतलंय. आकडेमोडीला त्यांना एक मदतनीस लागणार, आणि त्यांनी माझं नाव दिलंय.

खरं तर उडी मारायला हवी होती. पैसा, बँका, व्याजदर हे सगळं पुस्तकातून शिकत इतकी वर्षं काढली; ती इमारत मात्र फक्त बसच्या खिडकीतून पाहिलेली. पण मॅडमनी पुढे सरकवलेला कागद मी दोनदा वाचला. कामातून जे समजेल ते कुणालाही, घरच्या माणसांनाही, तोंडी किंवा लेखी सांगणार नाही. खाली सहीची जागा. मॅडम म्हणाल्या, घाई नाही, उद्या दिलास तरी चालेल. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "एकदा कळलं की न कळल्यासारखं होता येत नाही, एवढं लक्षात ठेव."

मी तिथेच सही केली. घरी नेला असता तर हिंमत झाली नसती.

कुणाशी बोलायचं नाही, म्हणून ही दैनंदिनी. आकडे इथेही लिहिणार नाही.

१८ जानेवारी, रविवार

ताई आणि भावोजी आले होते. मंडळावर मॅडम आहेत हे पेपरातच आलंय, त्यामुळे आईने कौतुकाने माझंही सांगून टाकलं. भावोजी उभे राहून मला सलाम ठोकत म्हणाले, "चला, घरातच गव्हर्नर झाला." दिवसभर गव्हर्नरसाहेब, पाणी आणा, गव्हर्नरसाहेब, पंखा लावा, असं चाललं होतं. मी हसत होते, पण आतून आक्रसले होते. त्यांचा धंदा म्हणजे गिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग बाहेरून मागवायचे आणि विकायचे. परकी चलनाचा दर एवढासा हलला तरी त्यांची झोप उडते. ते विचारणार आणि मी गडबडणार, याचीच धास्ती होती. पण त्यांनी आपणहून हात वर केले. "मला काही सांगू नकोस बाई. मी विचारणारही नाही."

केवढा भार उतरला. देवमाणूस आहेत. आईचं मूत्रपिंड बदललं तेव्हा खर्च त्यांनी उचलला, आणि मूत्रपिंड दिलं ताईने. माझं जुळलं नाही. मी दवाखान्यात डबे नेले.

नवं मूत्रपिंड टिकावं म्हणून आता आईला जन्मभर परदेशी गोळ्या. सकाळ-संध्याकाळ. एक दिवस चुकवून चालत नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार

बँकेकडून आलेले आकडे मॅडमनी आज माझ्यासमोर ठेवले. खोलीबाहेर न्यायचे नाहीत. काम सांगायला सोपं. आपल्याकडे परकी चलनाचा दर बांधलेला आहे, म्हणजे ठरल्या किमतीला ते द्यायची हमी बँकेने घेतली आहे. देते ती आपल्या गंगाजळीतून. येतं कमी, जातं जास्त. तर ही गंगाजळी कधीपर्यंत पुरेल, ते काढायचं.

मी काढलं. वाटलं, एखादं शून्य सांडलंय. पुन्हा काढलं. तेच. मॅडमनी पेन्सिल घेऊन स्वतः केलं, मग चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "चहा घेणार?"

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी चहा विचारला नव्हता. त्या चहाची मला आकड्याहून जास्त भीती वाटली.

येताना बसमध्ये एक बाई शेजारणीला नव्या शिलाई यंत्राची किंमत सांगत होती. पुढच्या उन्हाळ्यात घेणार म्हणे. मी खिडकीकडे तोंड केलं.

२७ जानेवारी, मंगळवार

पहिल्या वर्षाचा वर्ग मॅडमऐवजी मी घेते. आज नेमकं हेच प्रकरण. बांधलेला दर म्हणजे काय, ते मी दरवर्षीसारखं सांगत होते: जोवर लोकांना खात्री आहे की मागितलं की मिळेल, तोवर फारसं कुणी मागायला येत नाही. खात्री गेली की सगळे एकदम येतात, आणि मग खरंच मिळत नाही. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग खात्री गेलीय हे पहिल्या माणसाला कळतं कसं?"

हातातला खडू मोडला. मुलं हसली, मीही हसले.

३० जानेवारी, शुक्रवार

विभागाच्या जिन्यात एक बातमीदार उभा असतो. तपकिरी जाकीट, बारीक मिशी. आज मला बघून पुढे आला, म्हणाला, मॅडम काही बोलत नाहीत, तुम्ही तरी दोन शब्द बोला. मी अक्षरशः पळाले. फाटकाबाहेर भावोजींची गाडी दिसली तेव्हा जिवात जीव आला. याच बाजूला काम होतं म्हणाले, सोडतो घरी.

गाडीत बसले आणि रडूच फुटलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, पाणी दिलं. कारण विचारलं नाही. एवढंच म्हणाले, जेवणाकडे लक्ष दे, गालफडं बसली तुझी. मॅडमची चौकशी केली. या वयात त्यांना बँकेत सारख्या खेपा घालायला लावतात का? मी म्हटलं, या आठवड्यात तर रोजच. "अरेरे," म्हणाले. मग म्हणाले, एकदा मोकळी झालीस की सगळे मिळून चार दिवस कुठेतरी जाऊ. कधी मोकळी होशील? मी म्हटलं, फेब्रुवारीच्या सव्वीस तारखेनंतर कुठेही चला.

नुसतं फिरायला जायच्या विचारानेही बरं वाटलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

बातमीदाराबद्दल मॅडमना सांगितलं. त्यांनी शिपायाला सांगून त्याला आत यायची बंदी केली. आज जिना मोकळा होता. तरी मी कडेकडेने चढले.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

लिहू की नको असं झालंय. पण यात चुकीचं काही नाही, असं मला वाटतं.

मॅडमचं मत ठरलंय. ते कुठे झुकतंय, हे इथे लिहीत नाही. मला मात्र काल दिवसभर एकच दिसत होतं. दर सुटला तर आईच्या गोळ्या कुठे जातील? आमच्या ऐपतीच्या पार. आणि मला आधीपासून माहीत असून मी हातावर हात ठेवून बसलेली असणार. ताईने पोट चिरून दिलं. मी निदान गोळ्या आणू शकते.

जवळच्या दुकानात गेले नाही, तिथला औषधवाला ओळखतो. दोन बस बदलून दवाखान्यामागच्या मोठ्या दुकानात गेले आणि साठवलेले सगळे पैसे देऊन, मिळाली तेवढी पाकिटं घेतली. दुकानदाराने चिठ्ठीकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने पाहिलं. मी सांगितलं, बाहेरगावी जाणार आहोत.

आईने कपाट उघडलं, पाकिटं पाहिली, माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता विचारेल. तिने नुसतं कपाट लावून घेतलं. बरं झालं. तिला काही कळलं नाही.

शब्दाने कुणाला काही सांगितलेलं नाही. सही पाळली आहे.

८ फेब्रुवारी, रविवार

ताई-भावोजी जेवायला. औषधांच्या कपाटाचं बिजागर कुरकुरतंय म्हणून आई कधीची मागे लागली होती. भावोजी म्हणाले, मी बघतो. मी स्वयंपाकघरातून धावत आले, पण तोवर त्यांनी दार उघडलेलं होतं.

"एवढी पाकिटं?"

म्हटलं, सवलत होती.

त्यांनी हातातला पेचकस खिशात घातला आणि माझ्या डोक्यावर थोपटलं. "बरं केलंस," म्हणाले. पुढे काही नाही. किती समजूतदारपणा. दुसऱ्या कुणी उलटतपासणी घेतली असती.

जेवण अर्धंच केलं त्यांनी. कसली तरी ऑर्डर पाठवायची राहिली म्हणून निघून गेले. ताई चिडली, रविवारी तरी धंदा सोड म्हणाली. बिजागर तसंच राहिलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

काही दिवस शांत गेले. मॅडम सारख्या लिहितायत, एक पान माझ्यापासूनही झाकून ठेवतात. आज मध्येच विचारलं, "आईच्या गोळ्या बाहेरून येतात ना गं?" मी हो म्हटलं. त्यांनी काहीतरी टिपून ठेवलं. यांना दुकानाचं कळलं की काय?

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बसमधून पाहिलं. चलन बदलून देणाऱ्या दुकानासमोर रांग. तशी लहान. माणसं शांत उभी होती, कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मी एक थांबा आधी उतरले आणि चालत परत गेले, खात्री करून घ्यायला. तोवर रांग कोपऱ्यावरून वळली होती.

मॅडमच्या खोलीतला फोन वाजत होता. त्या उचलत नव्हत्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज सगळीकडे रांगा. बँकांसमोरही. ज्यांना परकी चलनाशी काही देणंघेणं नाही तेही उभे आहेत. आमच्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर सकाळी डबा घेऊन गेले. मी जिन्यात विचारलं, काका, तुम्हाला कशाला हवंय? म्हणाले, "मला नकोय गं. पण सगळे घेतायत ना."

हेच मी मुलांना शिकवलं होतं, फळ्यावर बाण काढून. तेव्हा त्या बाणांना चेहरे नव्हते.

हे त्या बातमीदाराचंच काम. बंदीचा सूड घेतला असणार.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी बँकेने हात टेकले. दर सुटला. संध्याकाळपर्यंत दुपटीच्या जवळ गेला. औषधांची दुकानं अर्धं शटर ओढून बसली आहेत, उद्याचा भाव त्यांनाच माहीत नाही.

मी घरी आले आणि आईच्या कुशीत डोकं खुपसलं. तिने केसांतून हात फिरवला. मी इतकी मोठी झाले तरी.

२३ फेब्रुवारी, सोमवार

मॅडमनी मंडळाचा राजीनामा दिला. दर सोडावा असं मंडळात त्यांचंच मत होतं, सगळ्यांना ते ठाऊक होतं, त्यामुळे बातमी फुटल्याचा संशय त्यांच्यावर आला. चौकशी बसलीय. मी खोलीत गेले तेव्हा त्या पुस्तकं खोक्यात भरत होत्या. बँकेतून आणलेली परत करायची होती.

मी बातमीदाराचं काढलं. त्यांनी मान हलवली. तो बिचारा त्या आठवड्यात आजारी होता, छापलं काहीच नाही. मग खोकं बाजूला सारून माझ्यासमोर बसल्या.

"कुणाला काही सांगितलंस?"

"नाही मॅडम. आईची शपथ."

"ते मला माहीत आहे. सांगितलं नाहीस. केलंस काय?"

काहीच नाही, असं म्हणणार होते. मग सांगत गेले. गोळ्या. दोन बस. कपाट. बिजागर. गाडीत विचारलेली सुट्टी, आणि मी दिलेली तारीख. दर सोडायचा की नाही हे ठरवणाऱ्या बैठकीचीच तारीख होती ती. माझं मलाच ऐकू येत होतं. भावोजींनी मला दराबद्दल कधीच विचारलं नव्हतं, आणि विचारण्यासारखं काही मी शिल्लकही ठेवलं नव्हतं.

मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी झाकून ठेवलेलं पान काढून मला वाचायला दिलं. दर सोडायचाच, पण हळूहळू, टप्प्याटप्प्याने. आणि जीवनावश्यक औषधांना वर्षभर जुन्याच दराने चलन द्यायचं. यादीत आईच्या गोळ्यांचं नाव होतं. गव्हर्नरांनी ते मान्यही केलं होतं.

"आता त्यासाठी वेगळं ठेवायला गंगाजळीत काही उरलेलं नाही," त्या म्हणाल्या.

चौकशीला मलाही बोलावतील. काय सांगायचं ते त्या मला सांगणार नाहीत.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भावोजींच्या गोदामात गेले. माल छतापर्यंत लावलेला. मला वाटलं होतं, नाकारतील. नाही नाकारलं.

"मी तुला एका शब्दाने विचारलं?"

"नाही."

"तू सांगितलंस?"

"नाही."

"मग झालं तर."

पण झालं नव्हतं. हातातला कप न पिताच खाली ठेवून ते एका खोक्यावर बसले. म्हणाले, स्वतःपुरतंच चलन घेतलं होतं. मग भागीदाराला सांगितलं, कारण तो बुडाला असता. भागीदाराने आपल्या सासऱ्यांना सांगितलं. पुढचं त्यांना माहीत नाही. इथे कामाला माणसं आहेत, त्यांना घरी बसवायचं होतं का? मग अगदी हळू, गाडीत पाणी दिलं होतं त्याच आवाजात म्हणाले, "तू गप्प राहिलीस तर कुणालाच काही होणार नाही. ताईचा विचार कर."

त्या आवाजाची इतकी भीती वाटली की मी हो म्हणून आले.

१ मार्च, रविवार

कपाटात एकच पाकीट उरलंय.

मला वाटलं चोरी झाली. आई शांतपणे भाजी निवडत होती. म्हणाली, दवाखान्यात वाटली. मूत्रपिंड विभागाबाहेरच्या बाकावर तिच्यासारख्या बायका बसतात, सगळ्यांना हीच गोळी. काहीजणी गोळी अर्धी करून घ्यायला लागल्या आहेत, डॉक्टरांपासून लपवून. म्हणून आईने डॉक्टरांनाच पाकिटं दिली, वाटून द्या म्हणून.

मी नाही नाही ते बोलले तिला. तुझ्यासाठी मी काय काय केलं, माझं काय काय गेलं, आणि तू वाटून आलीस. तिने ऐकून घेतलं.

"त्यांच्या मुलींना आधी कळलं नव्हतं गं," म्हणाली.

मी जमिनीवरच बसले. म्हणजे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मग बोलली का नाहीस, विचारलं. म्हणाली, तू एवढी घाबरलेली होतीस, मला वाटलं, बोलले तर कोसळशील.

मग तिने विचारलं, गुरुवारी चौकशीत काय सांगणार? मी म्हटलं, माहीत नाही. ती भाजी निवडत राहिली.

५ मार्च, गुरुवार

लांबट खोली, लांबट टेबल. पलीकडे तिघं, मध्ये निवृत्त न्यायाधीश. पाण्याचा पेला समोर होता, पण उचलला तर सांडेल म्हणून हात लावला नाही.

मी सगळं सांगितलं. भावोजींचंही. त्यांचा उल्लेख इतका हळू केला की न्यायाधीशांनी पुन्हा सांगायला लावलं. ते दुसऱ्यांदा सांगणं जास्त कठीण होतं. ते टिपून घेत होते, मध्येच थांबले.

"दर सुटणार का, असं तुमच्या भावोजींनी विचारलं?"

"नाही."

"तुम्ही तोंडी किंवा लेखी सांगितलं?"

"नाही."

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "मग मी लिहू काय?"

"मला कळलं होतं आणि मी औषधं आणली, असं लिहा."

शेजारचे गृहस्थ काहीतरी बोलणार होते. न्यायाधीशांनी त्यांना थांबवलं आणि लिहिलं.

१९ मार्च, गुरुवार

निकाल आला. कागदावर सही केलेल्या कुणीही तो मोडलेला नाही. मॅडमवरचा ठपका गेला, पण राजीनामा स्वीकारला गेला तो गेलाच. माझी शिष्यवृत्ती काढून घेतली. प्रबंधाचं नंतर बघू म्हणतात. मॅडमनी दुसरं प्रकरण आज परत दिलं. एवढ्या लाल खुणा त्यांनी कधी केल्या नव्हत्या. पानं उलटताना पहिल्यांदा थोडं बरं वाटलं.

भावोजींना बँकेच्या तपासनिसांनी बोलावलंय. उद्या सकाळी.

ताई चौकशीपासून बोलत नव्हती, फोनही उचलत नव्हती. आज संध्याकाळी अचानक आली. माझ्याकडे न बघता आत गेली, आईची चादर बदलली, सगळ्या उशांचे अभ्रे काढून धुवायला टाकले, आणि पाकिटात उरलेल्या गोळ्या मोजल्या. दवाखान्याने आता निम्म्या भावात द्यायचं कबूल केलंय, उरलेल्या निम्म्यासाठी मी दोन शिकवण्या धरल्या आहेत, हे मी तिच्या पाठीला सांगितलं. तिने ऐकलं असावं.

निघताना दारात थांबली. "उद्या मी त्याच्याबरोबर जाणार आहे. तू आईजवळ राहा."

मी हो म्हटलं. ती माझ्याकडे बघत उभी होती. मला काहीतरी बोलायला हवं होतं. तिने दार ओढून घेतलं.

मी दाराला कान लावून उभी राहिले. ती जिना उतरत होती, पण सरळ नाही. चार पायऱ्या उतरायची, मग थांबायची. मध्येच नाक ओढल्यासारखा आवाज यायचा, मग पुन्हा पावलं. तिला पूर्वी असा दम लागत नसे. एकच मूत्रपिंड आहे तिला. उद्या दवाखान्यात डॉक्टरांना विचारायला हवं.